कीड-साहित्याचा शोध : ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ यांचा नेमका वापर

शेतकऱ्याच्या बोलण्यातला ‘मावा’ म्हणजे पिकाचा रस शोषणारी कीड. मिठाईच्या दुकानात मावा म्हणजे खवा, आणि पानाच्या टपरीवर तोच शब्द सुपारी-तंबाखूच्या मिश्रणासाठी चालतो. ‘कोळी’ हा शब्द तर मासेमारी करणाऱ्या समाजाचे नाव आहे, आडनाव आहे, जाळे विणणाऱ्या प्राण्याचे नाव आहे आणि मिरचीच्या पानांमागे दडणाऱ्या सूक्ष्म किडीचेही नाव आहे. बांधावर उभ्या असलेल्या दोन माणसांना यांतला कोणता अर्थ घ्यावयाचा हे विचारावे लागत नाही. शोधयंत्राला मात्र बांध दिसत नाही, त्याच्यासमोर केवळ अक्षरे असतात. आधुनिक शोधयंत्रे अर्थाचा अंदाज बांधतात हे खरे. परंतु तो अंदाज कीटकशास्त्राच्या बाजूचा असेलच असे नाही.

म्हणून आपल्याला काय हवे आहे आणि काय नको आहे, हे शोध घेणाऱ्यानेच स्पष्ट सांगावे लागते. ते सांगण्याचे सर्वांत जुने व आजही उपयोगी साधन म्हणजे बूलियन ऑपरेटर : अँड, ऑर आणि नॉट. पश्चिम बंगालमधील बराकपूर येथे तागावरील संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. ताग व तत्सम धागापिकांच्या किडींवरील साहित्याचीच उदाहरणे घेऊन प्रस्तुत लेखात या तीन शब्दांचा अभ्यास केला आहे. ही उदाहरणे महाराष्ट्रातील मिरची, सोयाबीन किंवा अंबाडीच्या अभ्यासकालाही जशीच्या तशी लागू पडतात, हे पुढे दिसून येईल.

वाचनाच्या सोयीसाठी येथे सर्व शोधवाक्ये देवनागरीत दिली आहेत. इंग्रजी डेटाबेसमध्ये ती रोमन लिपीत लिहावीत आणि तिन्ही ऑपरेटर मोठ्या अक्षरांत टंकावेत.

१. या शब्दांमागील गणित

जॉर्ज बूल (१८१५–१८६४) हे इंग्लंडमधील लिंकन येथे जन्मलेले आणि पुढे आयर्लंडमधील कॉर्क येथे प्राध्यापक झालेले गणितज्ञ. विचाराचे नियम बीजगणिताच्या रूपात मांडता येतात, हे त्यांनी १८४७ आणि १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखविले. नेहमीच्या बीजगणितात ‘क्ष’ला ‘क्ष’ने गुणले की ‘क्ष’चा वर्ग मिळतो. बूल यांच्या बीजगणितात उत्तर पुन्हा ‘क्ष’च येते. ताग असलेल्या लेखांतून पुन्हा ताग असलेले लेख निवडले तर हाती येणारा गठ्ठा तोच राहतो, हा त्याचा साधा अर्थ.

बूल यांचे समकालीन ऑगस्टस द मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराई येथे झाला होता. ‘हे किंवा ते नको’ असे म्हणणे म्हणजे ‘हेही नको आणि तेही नको’ असे म्हणणे होय, हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधात बूल यांचे बीजगणित विद्युत मंडलांना लागू केले आणि संगणकाच्या जडणघडणीत त्याला कायमचे स्थान मिळाले. शोधपेटीत लिहिला जाणारा ‘ऑर’ हा शब्द अशा रीतीने जवळपास पावणेदोनशे वर्षांच्या विचाराचा वारस आहे.

शालेय गणितातील संचांचा पाठ ज्यांना आठवतो, त्यांना येथे नवीन फारसे काही नाही. अँड म्हणजे दोन संचांचा छेद, ऑर म्हणजे संयोग, आणि नॉट म्हणजे एका संचातून दुसऱ्याचा भाग वजा करणे.

२. बराकपूर या एका शब्दापासून सुरुवात

शोधपेटीत केवळ ‘बराकपूर’ असे लिहिले, तर काय मिळेल? हुगळीच्या पूर्व काठावरील या गावाची ओळख एकच नाही. ब्रिटिश काळातील लष्करी छावणी, २९ मार्च १८५७ रोजी तेथे मंगल पांडे यांनी केलेला उठाव, केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था आणि केंद्रीय ताग व तत्सम तंतू संशोधन संस्था, असे सारे काही एकाच यादीत येईल.

‘बराकपूर अँड ताग’ असे लिहिले की ज्या पानांवर हे दोन्ही शब्द आहेत तेवढीच पाने उरतात. अँडने जोडलेला प्रत्येक नवा शब्द ही एक नवी अट असते आणि प्रत्येक अटीगणिक यादी लहान होते, निदान वाढत तरी नाही.

परंतु एवढ्याने काम पूर्ण होत नाही. गावाच्या नावाचे रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे केले जाते. संस्थेचे नावही बदललेले आहे. पूर्वी ती ‘ज्यूट ॲग्रिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली जात असे. १९९० मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आजच्याच नावाने शोध घेणाऱ्याला त्याआधीच्या दशकांतील शास्त्रज्ञांचे काम दिसणार नाही. येथे ऑर उपयोगी पडतो : ‘“जुने नाव” ऑर “आजचे नाव”’. दोहोंपैकी कोणतेही एक असले तरी चालेल, असे सांगितल्यामुळे यादी मोठी होते. अवतरणचिन्हांत ठेवलेले शब्द त्याच क्रमाने सलग असावेत, अशी सूचना शोधयंत्राला मिळते.

यातून एक उपयुक्त नियम निघतो. एकाच गोष्टीची वेगवेगळी नावे ऑरने जोडावीत. वेगवेगळ्या गोष्टी अँडने जोडाव्यात.

३. दहा लेखांचे उदाहरण आणि कंसाचे महत्त्व

समजा, एका छोट्या संग्रहात १ ते १० क्रमांकांचे दहा लेख आहेत. तागाचा उल्लेख लेख १, २, ३, ४ व ५ मध्ये आहे. अंबाडीचा उल्लेख ५, ६ व ७ मध्ये आहे. कोळी किडीचा उल्लेख ३, ४, ६, ८ व ९ मध्ये आहे. दहाव्या लेखात यांपैकी काहीच नाही.

‘ताग अँड कोळी’ : लेख ३ व ४.
‘ताग ऑर अंबाडी’ : लेख १ ते ७.
‘ताग नॉट कोळी’ : लेख १, २ व ५.

आता एका अभ्यासकाला ताग किंवा अंबाडी यांपैकी कोणत्याही पिकावरील कोळी किडीची माहिती हवी आहे. त्याने घाईने ‘ताग ऑर अंबाडी अँड कोळी’ असे लिहिले. या वाक्याचे दोन अर्थ होतात. शोधसाधनाने डावीकडून उजवीकडे वाचले, तर आधी ताग किंवा अंबाडीचे सात लेख गोळा होतील आणि त्यांतून कोळी असलेले ३, ४ व ६ हे तीन लेख मिळतील. परंतु अँडची क्रिया आधी केली, तर अंबाडी आणि कोळी असलेला ६ हा एक लेख व त्यात तागाचे सर्व पाच लेख मिसळून एकूण सहा लेख हाती येतील. त्यांपैकी तिघांत कोळी किडीचे नावही नसेल.

हे दोन्ही प्रकार प्रत्यक्षात आढळतात. पबमेड हा डेटाबेस ऑपरेटर डावीकडून उजवीकडे वाचतो, तर वेब ऑफ सायन्समध्ये अँडची क्रिया ऑरच्या आधी होते. एकच वाक्य दोन ठिकाणी दोन उत्तरे देते आणि दोन्ही उत्तरे त्या त्या साधनाच्या नियमानुसार बरोबरच असतात. यावर उपाय एकच : कंस. ‘(ताग ऑर अंबाडी) अँड कोळी’ असे लिहिल्यावर संदिग्धता राहत नाही. अंकगणितात बेरीज-गुणाकाराच्या पदावलीत कंस घालण्याची जी सवय शाळेत लागते, तीच येथे पाळावयाची आहे.

४. एक कीड, अनेक नावे : ऑरचे खरे काम

तागाच्या कोवळ्या पानांच्या मागील बाजूस राहणारा पिवळा कोळी नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्याच्या प्रादुर्भावाने शेंड्याकडील पाने आक्रसतात, वळतात आणि तांबूस तपकिरी होतात. बँक्स यांनी १९०४ मध्ये या प्रजातीचे वर्णन केले, ते ‘टार्सोनेमस लॅटस’ या नावाने. पुढे तिला ‘हेमिटार्सोनेमस लॅटस’ असे म्हटले जाऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या मध्यावरील पुष्कळसे साहित्य याच नावाखाली आहे. आजचे मान्य नाव ‘पॉलिफॅगोटार्सोनेमस लॅटस’ असे आहे. इंग्रजीतील रूढ नावेही एकसारखी नाहीत. तागाचे अभ्यासक तिला ‘यलो माइट’ म्हणतात, इतर पिकांवर तिला ‘ब्रॉड माइट’ म्हणतात, आणि मिरचीवर तीच ‘चिली माइट’ होते.

म्हणजे बंगालमधील तागाची आणि महाराष्ट्रातील मिरचीची ही समान शत्रू आहे. पण नावे वेगळी असल्यामुळे दोन्हीकडचे संशोधन एकमेकांना दिसत नाही. मिरचीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ आजचे शास्त्रीय नाव लिहून शोध घेतला, तर अनेक दशकांची निरीक्षणे त्याच्या यादीबाहेर राहतील. त्यानंतर प्रबंधात ‘या विषयावर पूर्वी काम झालेले आढळत नाही’ असे वाक्य येते. ते वाक्य प्रामाणिक असले तरी चुकीचे असते. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण आधी होऊन गेलेलाच प्रयोग पुन्हा केला जातो आणि त्यात एक हंगाम, काही वाफे व निधी खर्ची पडतो. हंगाम वर्षातून एकदाच येतो.

योग्य शोधवाक्य असे होईल :

(“पॉलिफॅगोटार्सोनेमस लॅटस” ऑर “हेमिटार्सोनेमस लॅटस” ऑर “टार्सोनेमस लॅटस” ऑर “यलो माइट” ऑर “ब्रॉड माइट” ऑर “चिली माइट”) अँड (कॉर्कोरस ऑर ज्यूट ऑर कॅप्सिकम ऑर चिली)

बिहारी केसाळ अळीची स्थितीही अशीच आहे. ताग, सोयाबीन, सूर्यफूल अशा अनेक पिकांवर आढळणारी ही अळी साहित्यात ‘डायक्रिसिया ऑब्लिक्वा’, ‘स्पायलोसोमा ऑब्लिक्वा’ आणि ‘स्पायलार्क्टिया ऑब्लिक्वा’ या तीन नावांनी विखुरलेली आहे. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने कोणत्याही किडीचा शोध सुरू करण्यापूर्वी तिच्या जुन्या नावांची यादी करावी आणि ती सर्व नावे एका कंसात ऑरने जोडावीत. हा दहा मिनिटांचा उद्योग पुढचे काही महिने वाचवितो.

शब्दाच्या शेवटी तारकाचिन्ह देऊन त्याची सर्व रूपे मागविण्याची सोय अनेक डेटाबेसमध्ये असते. इंग्रजीत ‘माइट’ या शब्दाच्या पूर्ण स्पेलिंगनंतर तारका दिली, तर एकवचन व अनेकवचन दोन्ही मिळतात. परंतु त्यातील शेवटचे अक्षर गाळून तारका दिली, तर मायटोकाँड्रिया, मायटोसिस आणि मिटिगेशन असे कितीतरी असंबद्ध शब्द यादीत शिरतात. शब्द कोठे तोडावयाचा याचा विचार तारका देण्याआधी करावा.

५. ताग म्हणजे नेमके कोणते पीक?

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात हुगळीकाठच्या गिरण्यांत विणला जाणारा ‘ताग’ म्हणजे कॉर्कोरस या प्रजातीचे पीक, म्हणजेच ज्यूट. महाराष्ट्रातील शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतो आणि फुलोऱ्यावर येताना जमिनीत गाडतो तो ‘ताग’ किंवा बोरू म्हणजे क्रोटालारिया जुन्सिया. कुळ वेगळे, उपयोग वेगळा आणि किडीही वेगळ्या. नाव मात्र एकच.

‘ताग अँड “केसाळ अळी”’ असा शोध घेतला, तर दोन्ही पिकांची माहिती एकत्र येण्याचा धोका आहे, कारण दोन्ही पिकांवर केसाळ अळ्या येतात. ज्यूटवर येते ती बिहारी केसाळ अळी. हिरवळीच्या तागावर प्रामुख्याने येते ती युटेथेइसा पुल्चेला या पतंगाची अळी. वर्णन एका किडीचे आणि शिफारस दुसऱ्या किडीची, असा घोटाळा अशा वेळी सहज होतो. येथे अँडने वनस्पतीचे शास्त्रीय नाव जोडणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

इंग्रजीत शोध घेतानाही ‘ज्यूट’ हा शब्द निर्धोक नाही. ‘ज्यूट अँड पेस्ट’ असे लिहिले की गोणपाटात साठविलेल्या धान्यातील किडींवरचे लेख मोठ्या प्रमाणात येतात, कारण गोणपाट ज्यूटचे असते. तसेच ‘बिमलीपट्टम ज्यूट’ हे नाव ज्यूटचे नसून अंबाडीवर्गीय पिकाचे आहे. ‘ज्यूट’ऐवजी ‘कॉर्कोरस’ लिहिले की हा गोंधळ बऱ्याच अंशी आपोआप दूर होतो.

६. नॉट : धारदार कोयता

गोणपाटाचे लेख नको असतील तर ‘नॉट (गोणी ऑर साठवण)’ असे का लिहू नये? द मॉर्गन यांच्या नियमानुसार याचा अर्थ असा की, ज्या लेखात गोणी हा शब्द नाही आणि साठवण हाही शब्द नाही, तेवढेच लेख दाखवावेत. आता ज्यूटच्या पिकावरील एखाद्या उत्तम लेखाच्या सारांशाची सुरुवात ‘गोणी व पिशव्यांसाठी उपयुक्त असलेले हे पीक’ अशी झालेली असेल, तर तो संपूर्ण लेख यादीतून बाद होईल. नॉट हा लेखाचा विषय पाहत नाही. शब्द आहे की नाही एवढेच पाहतो.

मिरचीच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. ‘चुरडा-मुरडा’ या लक्षणामागे फुलकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणू अशी तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा सहसा वरच्या बाजूस वळतात, तर कोळी किडीमुळे खालच्या बाजूस. कोळी हा कीटक नसल्यामुळे त्याच्यासाठी कोळीनाशकच लागते. फुलकिड्यांसाठी घेतलेले प्रत्येक कीटकनाशक त्याच्यावर चालतेच असे नाही. म्हणून केवळ ‘चुरडा-मुरडा’ असे लिहून जो पहिला सल्ला दिसेल तो पाळणाऱ्या शेतकऱ्याची फवारणी वाया जाण्याची शक्यता असते.

अशा वेळी ‘मिरची अँड कोळी नॉट फुलकिडे’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण दोन्ही किडींच्या लक्षणांमधील फरक ज्या लेखांत सांगितलेला असतो, त्यांत दोघांचीही नावे असतात. सर्वांत उपयोगी लेख नेमके तेच, आणि नॉटमुळे नेमके तेच गळतात. त्यापेक्षा ‘मिरची अँड कोळी अँड लक्षणे’ असे लिहावे. जे नको ते वगळण्यापेक्षा जे हवे ते अधिक नेमकेपणाने मागावे, हा साहित्यशोधातील व्यवहार्य नियम आहे. नॉट वापरावाच लागला, तर आधी त्याच्याशिवाय शोध घ्यावा, मग त्याच्यासह घ्यावा आणि गळलेल्या लेखांपैकी काही तरी उघडून पाहावेत.

७. मराठीतून शोध घेताना

इंग्रजी शब्दाला फार तर अनेकवचनाचा प्रत्यय लागतो. मराठी शब्द मात्र वाक्यात शिरताना रूप बदलतो. ताग, तागाचे, तागावरील, तागाला. अळी, अळ्या, अळीचा, अळ्यांचा. शोधसाधन ही रूपे एकच मानेल याची खात्री नसते. ‘कीड’ या शब्दाची अडचण तर अधिक आहे. मूळ शब्दात ‘की’ दीर्घ आहे, परंतु ‘किडीचे’, ‘किडींचा’ या रूपांत ‘कि’ ऱ्हस्व होतो. त्यामुळे ‘कीड’ या शब्दापुढे तारका दिली तरी ‘किडी’ सापडत नाही. येथे ‘(कीड ऑर किडी ऑर किडीचे ऑर किडींचा)’ अशी रूपे ऑरने जोडण्याला पर्याय नाही.

त्याचबरोबर पर्यायी नावेही घ्यावीत : फुलकिडे ऑर थ्रिप्स, मिलीबग ऑर “मिली बग” ऑर “पिठ्या ढेकूण”. द्व्यर्थी शब्द एकटा कधीच लिहू नये. ‘मावा’सोबत पिकाचे नाव आणि ‘कोळी’सोबत मिरची, वांगी किंवा ताग असे काही तरी अँडने जोडावे.

युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी पुस्तिका व घडीपत्रिका जुन्या फाँटमध्ये टंकलिखित झालेल्या आहेत. पडद्यावर त्या मराठी दिसतात, पण शोधयंत्राला त्यांतील अक्षरे रोमन चिन्हांचा अर्थहीन समूह म्हणून दिसतात. अशी पुस्तिका कोणत्याही ऑपरेटरने सापडत नाही. म्हणून मराठी शोधात काही मिळाले नाही, याचा अर्थ मराठीत काही लिहिले गेले नाही असा नव्हे. ग्रंथालयाची पायरी अजूनही चढावी लागते.

८. कोणत्या साधनात काय चालते

गूगलसारख्या सर्वसाधारण शोधयंत्रात दोन शब्दांमधील मोकळी जागा अँडसारखी मानली जाते; मात्र हे यंत्र कधी समानार्थी शब्द स्वतःच घेते, तर कधी एखादा शब्द गाळूनही निकाल दाखविते. ऑर मोठ्या रोमन अक्षरांत लिहिल्यासच ऑपरेटर ठरतो. नॉट हा शब्द तेथे ऑपरेटर म्हणून चालत नाही. त्याऐवजी वगळावयाच्या शब्दाला लागून, मध्ये जागा न सोडता वजाचे चिन्ह द्यावे लागते. चिन्ह आणि शब्द यांच्यामध्ये जागा सुटली, तर सूचना निष्फळ ठरते.

पबमेड, वेब ऑफ सायन्स, स्कोपस किंवा कॅब ॲबस्ट्रॅक्ट्स यांसारख्या डेटाबेसमध्ये कंस, ऑपरेटर आणि तारका यांनी बनविलेली लांब शोधवाक्ये चालतात. शब्द शीर्षकात असावा, सारांशात असावा की लेखकाच्या पत्त्यात असावा, हेही तेथे ठरविता येते. ‘बराकपूर’ हा शब्द पत्त्याच्या रकान्यात शोधणे आणि संपूर्ण मजकुरात शोधणे, यांत मोठा फरक पडतो. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या डिजिटल भांडारात, तर इतर विद्यापीठांचे ‘शोधगंगा’वर पाहता येतात. प्रत्येक साधनाचे मदतपान एकदा तरी वाचावे. नियम लहानसहान तपशिलांत बदलतात आणि उत्तर त्या तपशिलांवरच अवलंबून असते.

९. शोधाची पद्धतशीर आखणी

प्रथम प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहावा. उदाहरणार्थ : ‘ज्यूटवरील बिहारी केसाळ अळीच्या जैविक नियंत्रणाबाबत काय माहिती उपलब्ध आहे?’ या वाक्यातील स्वतंत्र संकल्पना वेगळ्या कराव्यात. येथे त्या तीन आहेत : पीक, कीड आणि जैविक नियंत्रण. प्रत्येक संकल्पनेचा एक स्तंभ आखून त्याखाली सर्व नावे व पर्याय लिहावेत. प्रत्येक स्तंभ ऑरने जोडून कंसात ठेवावा आणि शेवटी तिन्ही कंस अँडने जोडावेत.

निकाल फार थोडे आले, तर एखाद्या कंसात पर्याय वाढवावेत किंवा सर्वांत कमी महत्त्वाचा कंस काढून टाकावा. निकाल फार आले, तर एक नवी संकल्पना अँडने जोडावी किंवा शोध शीर्षकापुरता मर्यादित करावा. अचूकता वाढविली की काही उपयोगी लेख निसटतात. व्याप्ती वाढविली की निरुपयोगी लेख शिरतात. पुनरावलोकन लिहिणाऱ्याने व्याप्तीकडे झुकावे, कारण त्याच्यासाठी एक लेख सुटणे अधिक महाग पडते. बांधावर तातडीचा सल्ला देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने अचूकतेकडे झुकावे.

प्रत्येक शोधाची नोंद ठेवावी : तारीख, साधन, पूर्ण शोधवाक्य आणि मिळालेल्या निकालांची संख्या. ‘काम झालेले आढळत नाही’ असे विधान करावयाचे असल्यास कोठे व कसे शोधले हे त्यासोबत सांगता आले पाहिजे. क्षेत्रीय प्रयोगात वाफ्यांची आखणी जशी लिहून ठेवली जाते, तशीच ही आखणीही लिहून ठेवावी.

१०. ऑपरेटरांची मर्यादा

शोधवाक्य कितीही नेटके असले, तरी सापडलेला सल्ला आज लागू आहे की नाही हे ते सांगू शकत नाही. मिरचीवरील कोळीसाठी डायकोफॉलची शिफारस जुन्या साहित्यात वारंवार आढळते. त्या कोळीनाशकावर भारतात २०२३ मध्ये बंदी आली. एंडोसल्फानच्या वापरावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच बंदी घातली. जुनी पाने मात्र शोधयंत्रात तशीच येत राहतात. त्यांना नॉटने वगळू नये, कारण तुलनात्मक प्रयोगांचे मोलाचे अहवालही त्यांच्यासोबत जातील. शिफारशीसाठी प्रकाशनवर्षाची मर्यादा घालावी आणि प्रत्यक्ष वापरापूर्वी त्या पिकासाठी व किडीसाठी रसायनाची सध्याची नोंदणी तपासावी.

सरावासाठी

(अ) तिसऱ्या भागातील दहा लेखांच्या आधारे उत्तरे काढावीत : (१) अंबाडी नॉट ताग, (२) कोळी नॉट (ताग ऑर अंबाडी).

(आ) ‘मावा नॉट मिठाई’ या शोधवाक्यातील उणीव सांगावी व ते सुधारावे.

(इ) सोयाबीनवरील बिहारी केसाळ अळीच्या जैविक नियंत्रणासाठी शोधवाक्य तयार करावे.

उत्तरे : (अ) (१) लेख ६ व ७, (२) लेख ८ व ९. (आ) मिठाई वगळली तरी तंबाखूचा मावा यादीत राहतो. शिवाय ‘मिठाई’ हा शब्द नसलेले खव्याचे लेखही राहतात. सुधारित वाक्य : ‘मावा अँड (कीड ऑर किडी ऑर पीक ऑर पिकावरील)’. (इ) (“स्पायलोसोमा ऑब्लिक्वा” ऑर “स्पायलार्क्टिया ऑब्लिक्वा” ऑर “डायक्रिसिया ऑब्लिक्वा” ऑर “बिहार हेअरी कॅटरपिलर”) अँड (सोयाबीन ऑर ग्लायसिन) अँड (“बायोलॉजिकल कंट्रोल” ऑर बायोकंट्रोल ऑर पॅरासिटॉइड ऑर न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरस).

शेवटच्या उत्तरात प्रत्येकाचे पर्याय थोडे वेगळे येतील आणि ते योग्यच आहे. आपल्या विषयाचे पर्यायी शब्द त्या विषयाच्या अभ्यासकालाच सर्वांत चांगले ठाऊक असतात. शोधयंत्र ते त्याच्यासाठी आठवून देईलच अशी खात्री नसते. म्हणून आपल्या किडीच्या नावांची यादी करून ती प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, आणि नवे नाव आढळेल तेव्हा तीत भर घालावी.